घरून मराठी व्हॉइसओव्हर: उच्चार, गोधडी, माईक आणि बाकीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत, रेल्वेरुळांपासून दोन गल्ल्या आत, वन बीएचकेमध्ये राहते आणि तिथूनच मराठी व्हॉइसओव्हर करते. जाहिराती, माहितीपट, कंपन्यांच्या फोनवरचं ‘मराठीसाठी दोन दाबा’, अधूनमधून ऑडिओबुक. नव्याने येणारी मंडळी जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. त्यातले बहुतेक प्रश्न माईकचे असतात, म्हणून माईक मुद्दाम बराच खाली ठेवला आहे.

सगळे म्हणतात माझा आवाज छान आहे. एवढ्यावर काम मिळेल का?

नाही. छान आवाजाची माणसं प्रत्येक गणेशमंडळात दोन-तीन सापडतात. पैसे मिळतात ते दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य आपल्याला आत्ताच सुचलं असं वाटायला लावण्याचे. तेही दिग्दर्शक सांगेल तसं, सातव्या टेकलाही कंटाळा न दाखवता. माझा स्वतःचा आवाज साधा आहे, थोडा नाकातलाच. बँकेच्या आणि दवाखान्यांच्या कामाला तो चालतो, कारण तो शेजारच्या काकूंसारखा वाटतो.

मग सराव नेमका कसला करायचा?

आधी ऐकण्याचा. एखादी तीस सेकंदांची रेडिओ जाहिरात घ्या आणि ती शब्दन् शब्द कागदावर उतरवा. श्वास कुठे घेतला, कुठला शब्द ओढला, कुठला गिळला, तेही लिहा. मग तशीच वाचून रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यांदा लाज वाटेल. त्या लाजेतून दोन महिन्यांत जेवढं कळतं तेवढं महागड्या वर्कशॉपमध्ये कळत नाही, असं माझं मत आहे (मी अशा दोन वर्कशॉपचे पैसे भरलेत).

जुन्या बातम्याही ऐका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत मराठी बातम्या वाचण्याची एक पद्धत घराघरात पोचली. प्रदीप भिडे यांचं वाचन ऐकलंत तर कळेल, की वाक्य लांबलचक असूनही क्रियापदापर्यंत दम टिकतो. आज आपण वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडून देतो आणि ‘आहे’ ऐकूच येत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून शेवट गिळला की अर्थच गेला.

जिभेसाठी आजीचे जुनेच खेळ पुरतात: ‘कच्चा पापड, पक्का पापड’, ‘चटईला टाचणी टोचली’, ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’. जोरात नको, हळू आणि स्पष्ट म्हणा. वेग आपोआप येतो.

उच्चार शुद्ध हवेत म्हणतात. म्हणजे नक्की काय?

‘शुद्ध’ हा शब्द मला आवडत नाही, पण कामात काय तपासलं जातं ते सांगते.

पहिली गोष्ट च, ज, झ. मराठीत यांचे दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते वेगळे दिसत नाहीत. ‘चमचा’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी लागतं, ‘चंद्र’ म्हणताना जीभ टाळूकडे जाते. चाळ दातांशी, चाळीस टाळूशी. आपल्या धंद्याचाच शब्द बघा: ‘आवाज’ मधला ज दातांचा, पण ‘आवाजी मतदान’ म्हटलं की ई आल्यामुळे तो टाळूकडे सरकतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ सलग म्हणून बघा, जीभ हललेली जाणवेल. ‘जरा थांब’ मधलं जरा आणि ‘जरा-मरण’ मधलं जरा हे तर ऐकल्याशिवाय वेगळे कळतच नाहीत. घरात मराठी बोलणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून आलेल्या, परराज्यात किंवा परदेशात वाढलेल्या मुलांचे सगळे च-ज टाळूचे होतात आणि क्लायंट नुसतं म्हणतो, ‘थोडं हिंदी वाटतंय.’ नेमकं काय वाटतंय ते त्यालाही सांगता येत नाही. बहुतेकदा हेच असतं.

दुसरं, ज्ञ आणि ऋ. मराठीत ज्ञान म्हणजे ‘द्न्यान’, ‘ग्यान’ नव्हे. कृपया म्हणजे ‘क्रुपया’, ‘क्रिपया’ नव्हे. तिसरं, अनुस्वार. संशय, वंश, संरक्षण यांत अनुस्वाराचा न किंवा म होत नाही, नाकातला व होतो: ‘सौंशय’, ‘वौंश’. ‘सन्रक्षण’ असं वाचलं गेलं की विम्याच्या जाहिरातीचा रिटेक ठरलेलाच, कारण तिथे तो शब्द दर दोन ओळींनी येतो.

माझ्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे, ‘ण’ चा ‘न’ होतो. हे क्षेत्र सोडून देऊ का?

मुळीच नको. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ‘पानी’, ‘लोनी’ ही बोली आहे, चूक नाही, आणि त्यावरून हसणाऱ्यांचा मला राग येतो. हसणारे अनेकदा भाषेवर नाही, माणूस कुठून आला त्यावर हसत असतात. तरी बँकेची किंवा सरकारी जाहिरात प्रमाण मराठीत मागतात, त्यामुळे ‘ण’ आणि ‘ळ’ मागितल्यावर देता आले पाहिजेत. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं, रोज दहा मिनिटं. महिना-दोन महिन्यांत जमतं.

दुसरी बाजू अशी की बियाणं, ठिबक, ट्रॅक्टर, दुधाच्या डेअऱ्या, स्थानिक निवडणुका यांच्या कामात पुण्या-मुंबईचा आवाज परका वाटतो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी सहज बोलणारा माणूस लागतो आणि तो मिळता मिळत नाही. मग माझ्यासारख्या शहरी बाईला ‘थोडं गावरान करा’ सांगतात. मी ते करत नाही. साताऱ्याचा माणूस खोटं ‘काय वं’ पहिल्या सेकंदाला ओळखतो. म्हणून डेमोत (काम मागताना पाठवायच्या आवाजाच्या नमुन्यात) तुमची बोली आवर्जून ठेवा, वेगळ्या फाइलमध्ये.

आकडे वाचताना अडखळायला होतं.

सगळ्यांनाच होतं. एकोणऐंशी, एकोणनव्वद, त्रेसष्ट, सत्त्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला ‘वीस सात’ म्हणण्याचा पर्याय दिला गेला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! वाद घालणाऱ्यांपैकी कितीजण ‘एकोणसत्तर’ न थांबता म्हणू शकतात कुणास ठाऊक. स्क्रिप्ट हातात आलं की प्रत्येक आकडा आधी अक्षरात लिहून काढा. फोन नंबर एकेक अंक करून वाचायचा की जोडीने, ते क्लायंटला विचारा. ८९ टक्के आणि ७९ टक्के यांत घोटाळा केलात तर पुन्हा रेकॉर्डिंग तुमच्याच खर्चाने.

स्क्रिप्टच चुकीच्या मराठीत असेल तर बोलायचं का?

बोलायचं, पण एकदाच, लेखी, आणि पर्याय देऊन. मराठी स्क्रिप्ट बऱ्याचदा हिंदीवरून उतरवलेलं असतं. ‘तुम्ही माझी मदत कराल का?’, ‘आपल्या त्वचेला द्या नवी चमक’, ‘कारण की’ हे सगळं रोज येतं. मी पाठवते ते असं असतं: “ओळ ३ मध्ये ‘मला मदत कराल का’ असं सहज वाटेल. दोन्ही वाचून पाठवत आहे, हवं ते ठेवा.” मग खरंच दोन्ही वाचते. वाद घालायला वेळ कुणालाच नसतो, पण ऐकल्यावर शंभरातली सत्तर माणसं बरं वाटणारंच निवडतात. उरलेली तीस म्हणतात, ‘क्लायंटने अप्रूव्ह केलंय.’ मग निमूट वाचायचं आणि ते पुढे डेमोत घालायचं नाही.

एक ओळ घेऊन दाखवाल का, तुम्ही कशी वाचता?

घ्या, कापूस खरेदी केंद्राची समजू, मीच रचली आहे: ‘तुमच्या शेतातला कापूस, तुमच्या हक्काचा भाव.’

नवा माणूस दोन्हीकडे ‘तुमच्या’वर जोर देतो, कारण तो शब्द दोनदा आलाय. करून बघा, भाषण झालं. आता पहिला ‘तुमच्या’ साधा सोडा आणि जोर ‘शेतातला’च्या ‘शे’वर थोडासा ठेवा. स्वल्पविरामापाशी थांबायचं, पण श्वास घ्यायचा नाही, नुसतं थांबायचं. दुसरा ‘तुमच्या’ पहिल्यापेक्षा खालच्या पट्टीत आणि ‘हक्काचा’ म्हणताना क्कवर जीभ अर्धा क्षण अडवायची. तिथेच वाक्याचं वजन आहे. ‘भाव’ वर चढवायचा नाही, सरळ ठेवून द्यायचा, बाजारात नाणं ठेवावं तसा. चढवलात की दुकानदार झालात, आणि इथे बोलणारा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे.

कागदावर मी एवढ्याच खुणा करते: थांब्याला उभी रेघ, श्वासाला दोन उभ्या रेघा, जोराच्या शब्दाखाली आडवी. याहून जास्त खुणा केल्या की आवाज कागद वाचायला लागतो.

तीस सेकंदांत किती शब्द बसतात?

मराठीत साधारण ५५ ते ६५. शब्दांना प्रत्यय चिकटून ते लांबतात, म्हणून इंग्रजीचं गणित लागू पडत नाही. नव्वद शब्दांचं स्क्रिप्ट आलं तर वाचण्याआधीच कळवा.

घरात स्टुडिओ करायचाय. कुठून सुरुवात करू?

खोलीपासून, आणि त्यात दोन वेगळे त्रास आहेत हे आधी समजून घ्या. बाहेरचा आवाज आत येणं हा एक. तुमचाच आवाज भिंतींवर आपटून परत येणं हा दुसरा. गादी, गोधडी, पडदे, फोम हे सगळं दुसऱ्यावर चालतं. पहिल्यासाठी जड भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं, किंवा योग्य वेळ.

वेळ फुकट आहे. माझ्याकडे ती दुपारी दोन ते चार. कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात, शाळेच्या बस यायच्या असतात, सोसायटी वामकुक्षीत असते. (दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरांची कितीही थट्टा करा, व्हॉइसओव्हरवाल्यांनी त्यांचे आभारच मानावेत.) लोकल जातेच, पण ती पंधरा सेकंदांत जाते. तेवढं थांबायचं आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं.

फ्रिज बंद करावा लागतो. बंद केलेला फ्रिज पुन्हा लावायचा राहतो आणि रात्री दूध नासतं. म्हणून मी घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवते. बाहेर पडताना ती घ्यायला गेलं की आठवतं.

आता घुमणं. खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्र’ किंवा ‘टण्ण’ असं काही ऐकू आलं तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. पूर्ण चौरस खोली सगळ्यात वाईट. कपड्यांनी भरलेलं कपाट, गादी, पुस्तकांचा रॅक असलेली लहान बेडरूम बरी.

इथे बहुतेकजण एक चूक करतात. माईकच्या मागच्या भिंतीला फोम लावतात आणि स्वतःची पाठ उघड्या भिंतीकडे ठेवतात. व्हॉइसओव्हरचे बहुतेक माईक समोरून ऐकतात, मागून फारसं नाही. माईकच्या समोर कोण? तुम्ही, आणि तुमच्या मागची भिंत. म्हणजे जाड काही लावायचंच असेल तर आधी तुमच्या पाठीमागे लावा. मी कपाटाची दोन्ही दारं उघडते, कपड्यांकडे पाठ करून बसते, आणि माईकच्या मागे कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन गोधड्या टाकते. त्यातली एक आजीने लुगड्यांची शिवलेली आहे. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही ब्लँकेटपेक्षा जड, आणि जडपणाच कामाचा आहे.

कपाटाच्या आत शिरून रेकॉर्ड करू नका. आवाजातला वरचा चरचराट निघून जातो, पण आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो आणि तो डबा नंतर काढता येत नाही.

फोमच्या पट्ट्या की अंड्यांचे ट्रे?

अंड्यांच्या ट्रेत अंडी ठेवा. एक इंची फोम स, श, च यांचा वरचा चरचराट शोषतो. खालचा बेस त्याला दादच देत नाही, कारण १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. मग खोली मंद पण गुरगुरणारी होते. पुढे पैसे आले की रॉकवूलचे (दगडापासून बनवलेल्या लोकरीचे) चार इंची पॅनेल सुताराकडून चौकटीत बसवून घ्या, वरून सुती कापड. कापड नीट बंद करून घ्या, रॉकवूलचे तंतू अंगाला टोचतात.

आता तरी माईक सांगा!

सांगते. पहिल्या वर्षी थेट लॅपटॉपला लागणारा यूएसबी माईक चालतो. पुढे तीन पिनच्या केबलचा एक्सएलआर माईक आणि छोटा इंटरफेस, म्हणजे माईक आणि लॅपटॉप यांच्यामधली पेटी. माईक कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा, वीज लागणारा) असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं. नाही दाबलं तर माईक बिघडला असं वाटून लोक दुकानात परत घेऊन जातात.

माईकच्या माहितीपत्रकावर एक आकडा बघा, माईकचा स्वतःचा गोंगाट. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा तो सुमारे २० डेसिबल आहे, रोडच्या एनटी१ चा ४ च्या आसपास. जाहिरातीत फरक कळणार नाही, पण मांडीवर बसून गोष्ट सांगितल्यासारख्या हळू ऑडिओबुकमध्ये कळतो. पॉडकास्टवाल्यांच्या व्हिडिओत दिसणारा शूअर एसएम७बी अनेकांना हवा असतो. तो डायनॅमिक (कमी संवेदनशील, वीज न लागणारा) आहे, खोलीचा आवाज कमी घेतो हे खरं, पण त्याला ६० डेसिबलच्या घरात गेन, म्हणजे आवाजाची वाढ, लागतो. साधा इंटरफेस तिथे शेवटापर्यंत पिळावा लागतो आणि हिस, म्हणजे मागचा ‘स्स’ असा आवाज, वाढतो. पन्नास हजारांचा माईक घुमणाऱ्या हॉलमध्ये लावला तर तो त्या हॉलचं अधिक बारकाईने रेकॉर्डिंग करतो, एवढंच.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या. ब्लूटूथचे नकोत.

माईकपासून किती लांब बसू?

एक वीत. अंगठा ओठांवर, करंगळी माईककडे. पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) मध्ये. आणि थेट समोर नको, माईक तोंडाच्या रेषेपासून थोडा बाजूला तिरका ठेवा, म्हणजे ‘फ’, ‘भ’, ‘प’ची फुंकर त्याच्या बाजूने जाते. फार जवळ गेलात तर बेस फुगतो; पुरुषांना हे आवडतं, मिक्स करणाऱ्याला नाही.

लेव्हल आणि सेटिंग काय ठेवू?

व्हिडिओच्या कामाला ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फाइल. मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास होते. मीटरवर शून्य म्हणजे कमाल पातळी; सगळ्यात मोठ्याने बोललेली ओळ वजा ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, साधारण बोलणं वजा १२ च्या आसपास फिरू द्या. लाल दिवा लागला तर तो टेक गेला, नंतर काही करता येत नाही.

सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. संपादकाला जोड लपवायला तो लागतो, आणि तुम्हाला स्वतःला मीटरवर दिसतो. शांत खोलीत तो वजा ६० डेसिबलच्या खाली हवा.

आणि कृपा करून, रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी कुठला माईक निवडलाय ते बघा. मी एकदा चाळीस मिनिटांचं प्रशिक्षणाचं काम समोरच्या कंडेन्सरकडे बघत, सगळ्या भावनांसह, लॅपटॉपच्या माईकवर रेकॉर्ड केलंय. तेव्हापासून माईकच्या जाळीवर नखाने एकदा टिकटिक करते आणि पडद्यावर उडी दिसली तरच सुरू करते.

सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तोच आवाज आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला, तर दोन पिनच्या प्लगला अर्थिंग नाही हे कारण असू शकतं. इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, तीन पिनच्या सॉकेटला लावा. अर्थिंग आहे की नाही ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक अनेकदा शोभेलाच असतं.

पावसाळ्यात माईक चरचरतो. बिघडला का?

बहुतेक दमट हवा. कंडेन्सरच्या पातळ पडद्यावर ओल बसली की फटफट, चरचर येते. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर माईक स्टँडवर उघडा ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला. पत्र्याच्या शेडखाली राहत असाल तर मात्र जुलैत रेकॉर्डिंगचं वेळापत्रक वरुणराजाकडेच.

तोंडातून ‘टक-टक’, ‘चप-चप’ असे आवाज येतात.

कोरडं तोंड. पाणी रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटं आधी पिऊन उपयोग नाही, सकाळपासून थोडं थोडं प्यायचं. दुधाचा चहा आधीच्या तासात नको (मला हे सगळ्यात अवघड गेलं). आंबटसर हिरव्या सफरचंदाचे दोन घास खाल्ले की लाळ पातळ होते. घसा सतत खाकरू नका, त्याने सूज वाढते, त्याऐवजी गिळा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर घरगुती काढ्यांवर थांबू नका, कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा.

नंतर आवाजावर काय काय ‘मारायचं’?

एजन्सीला किंवा स्टुडिओला पाठवताना काही नाही. जोड आणि चुका काढा, बाकी कच्चंच द्या. त्यांचा रेकॉर्डिस्ट तुमच्यापेक्षा बरं करेल. तुम्हीच अंतिम फाइल देणार असाल तर ८० हर्ट्झखालचं कापा, हलका कॉम्प्रेसर (मोठा आणि हळू आवाज जवळ आणणारा), ‘स’ टोचत असेल तर तो मऊ करणारा डी-एसर. गोंगाट काढणारं साधन फार चालवलंत तर आवाज पाण्याखालून येतो. ऑडेसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एवढ्याला पुरतं. मी रीपर हे दुसरं सॉफ्टवेअर वापरते, कारण चुकलेल्या शब्दापासून मागे जाऊन लगेच पॅच मारता येतो.

ऑडिओबुक वेगळं असतं का?

पळण्यात शंभर मीटर आणि पंढरीची वारी यांत असतो तेवढा फरक. तयार एका तासामागे, चुका आणि संपादन धरून, नवशिक्याचे चार-पाच तास जातात. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठीत हे काम वाढलं. प्रकाशकाचे निकष विचारून घ्या. मोजपट्टी म्हणून ऑडिबलच्या एसीएक्सचे (ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या व्यवस्थेचे) आकडे उपयोगी पडतात: सरासरी पातळी वजा २३ ते वजा १८ डेसिबल, शिखर वजा ३ च्या खाली, शांतता वजा ६० च्या खाली. पुस्तक आधी पूर्ण वाचा. एका कादंबरीत मी एका पात्राला बारा प्रकरणं खणखणीत आवाज दिला आणि तेराव्यात लेखकाने लिहिलं होतं, ‘तो नेहमीप्रमाणे पुटपुटला.’

डबिंग घरून करता येतं का?

मोठं काम क्वचितच. प्रदर्शित न झालेलं चित्र तुमच्या घरी पाठवायला कुणी तयार नसतं, आणि सगळ्या पात्रांचा आवाज एकाच खोलीतला वाटला पाहिजे. डबिंगसाठी मुंबईतल्या स्टुडिओत जावं लागतं, आणि सुरुवात गर्दीतल्या आवाजांपासून होते. ती करा. तिथे बसून जुन्या माणसांचं काम ऐकायला मिळतं.

डेमो कसा असावा?

एक ते दीड मिनिट, प्रकारागणिक वेगळी फाइल. पहिल्या पाच सेकंदांतच तुमचं सगळ्यात चांगलं वाचन, नाव-गाव सांगण्यात ती घालवू नका. न केलेल्या जाहिरातीचं ब्रँडचं नाव घेऊन डेमो करू नका, लोकांना ते काम तुम्ही केलं असं वाटतं. स्वतः चार ओळी लिहा. मागे वाजणारं संगीत एवढं मोठं नको की आवाज शोधावा लागेल.

‘सॅम्पल’ म्हणून पूर्ण स्क्रिप्ट वाचून मागतात.

दोन ओळी द्या, पूर्ण नको. पूर्णच हवं असेल तर मधेमधे हलका बीप टाकून द्या. आणि काम देण्यासाठी नोंदणीचे पैसे मागणाऱ्याला उत्तरच देऊ नका.

पैसे ठरवताना काय विचारायचं?

किती सेकंद हे शेवटी. आधी विचारा: कुठे वाजणार, किती काळ, कुठल्या भागात? एका जिल्ह्याच्या रेडिओवर महिनाभर आणि टीव्हीसह सगळ्या इंटरनेटवर कायमचं, यांचा दर एकच असूच शकत नाही. मी सुरुवातीला हे विचारलं नाही आणि एक साधं दुकानाच्या आतलं काम दोन वर्षांनी टीव्हीवर ऐकलं. कागद नव्हता, त्यामुळे काही करता आलं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये सादरकर्त्यांचे हक्क आहेत आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते बळकट झाले, पण भांडायला हातात निदान एक ईमेल लागतो. किती रिटेक फुकट आणि स्क्रिप्ट बदललं तर किती, तेही त्याच ईमेलमध्ये लिहा. पैशातून टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर) कापला जातो, साधारण १० टक्के. तो विवरणपत्र भरताना हिशेबात धरा.

एआयमुळे हे काम संपणार का?

फोनवरच्या सूचना, स्वस्त यूट्यूब व्हिडिओ, अंतर्गत प्रशिक्षण यातलं काम कमी झालंय, माझंही. मराठी यंत्र अजून ‘चाळ’ आणि ‘चाळीस’मध्ये गडबडतं, पण त्यावर फार विसंबू नका, ते सुधारेल. तुमच्या हातात आहे तो करार. ‘हे रेकॉर्डिंग कृत्रिम आवाज बनवण्यासाठी किंवा शिकवण्यासाठी वापरता येणार नाही’ हे वाक्य मी प्रत्येक कामात लिहून घेते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या अर्जावर अंतरिम आदेशात त्यांच्या आवाजाच्या अशा विनापरवाना नकलेला मनाई केली. ते प्रसिद्ध आहेत, तुम्ही-मी नाही, त्यामुळे आपल्यासाठी तो ईमेलच. ‘सर्व वर्तमान व भविष्यातील माध्यमांत’ असं लिहिलेलं सापडलं तर तिथे थांबा आणि विचारा.

मे महिन्यात पंखा बंद करून बसवत नाही. काय करता?

पंधरा मिनिटं रेकॉर्डिंग, पाच मिनिटं पंखा. पंखा बंद केल्यावर पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची, ती डोळ्यांना थांबल्यासारखी दिसली तरी त्यांचा सूं-सूं आवाज कानाला येत असतो. सुती कपडे घाला, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवा. मांडीवर ओला पंचा घेते मी. खुर्ची प्लास्टिकची नको, घामाने चिकटते आणि हललं की करकरते.